हातातला लिनक्स संगणक मधेच हँग होतो तेव्हा: प्रोटोटाइप बोर्डावरचा दोष शोधण्याची पद्धत

प्रोटोटाइप बोर्डावर लिनक्स बूट झालं, पडदा उजळला, कीबोर्ड आणि वाय-फाय चालू झालं की गटातल्या सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. यंत्र तास-दीड तास नीट चालतं आणि मधेच गप्प होतं. पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं, बटणं दाबून उपयोग नाही, बॅटरी काढून घातली की सगळं पूर्ववत. पुन्हा कधी होईल ते सांगता येत नाही. कधी गाणं ऐकताना, कधी काहीच न करता टेबलावर पडलेलं असताना.

अशा वेळी जो तो आपापल्या विषयातून अंदाज बांधतो. हार्डवेअरवाला म्हणतो कर्नल (लिनक्सचा गाभा) कच्चा आहे, कर्नलवाला म्हणतो आधी पॉवर सप्लाय बघा. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण इथे सगळंच नवं असतं: बोर्ड नवा, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय याची कर्नलला दिलेली यादी) नवं, रॅमचं टायमिंग नवं आणि बूटलोडर (लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्याच कुठल्यातरी बोर्डावरून उचललेला. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कारण शोधायला लागण्याआधी हँग झालेल्या यंत्राकडून माहिती काढायची सोय करा. अंदाज करायचा, एक सेटिंग बदलायचं आणि वाट बघायची, या चक्रात महिने जातात. पुरावा गोळा करण्याची तयारी एक-दोन दिवसांत होते.

खालची पद्धत एआरएम चिपवरच्या छोट्या यंत्रांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः दोन घराण्यांतली घेतली आहेत: पाइनफोन या लिनक्स फोनमधली ऑलविनर ए६४, आणि पँडोरा व पायरा या खिशातल्या संगणकांत वापरलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिप. कॉलेजच्या प्रकल्पातला बोर्ड असो की पुण्यातल्या एखाद्या छोट्या कंपनीचा पहिला नमुना, क्रम हाच राहतो.

गप्प झालं म्हणजे नेमकं काय थांबलं?

पहिला नियम: हँग झाल्यावर बॅटरीला हात लावायचा नाही. त्या अवस्थेतलं यंत्र हाच तुमच्याकडचा सर्वांत मोठा पुरावा असतो आणि बॅटरी काढली की तो पुसला जातो.

त्यासाठी थोडी आगाऊ तयारी लागते. लिनक्समध्ये कोणत्याही एलईडीला 'हार्टबीट' ट्रिगर लावता येतो. तो दोन-दोन ठोक्यांनी लुकलुकतो आणि लोड वाढला की ठोके जलद होतात. हा एलईडी कर्नलच्या टायमरवर चालतो, त्यामुळे तो लुकलुकत असेल तर प्रोसेसरचा निदान एक कोअर अजून टायमर इंटरप्ट (वेळेची सूचना) घेत आहे. त्यासाठी थेट जीपीआयओवरचा, म्हणजे चिपच्या साध्या पिनेवरचा, एलईडी निवडा. पीएमआयसीमागे, म्हणजे वीज सांभाळणाऱ्या चिपमागे, आयटूसी नावाच्या दोन तारांच्या बसवर बसलेला एलईडी नको, कारण ती बसच अडकली तर एलईडी चुकीची साक्ष देईल. शिवाय यूएसबीवरून नेटवर्क जोडून ठेवा, दुसऱ्या संगणकावरून एसएसएचची (दुरून आज्ञा देण्याची) एक खिडकी आधीच उघडी ठेवा आणि शक्य असेल तर यंत्रावर एखादं गाणं सतत वाजत ठेवा.

आता हँग झालं की क्रमाने बघा. एलईडी चालू, पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर येतं, एसएसएचमध्ये आज्ञाही चालतात, फक्त पडदा थिजलेला: दोष ग्राफिक्स, डिस्प्ले किंवा कंपोझिटरमध्ये (खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आहे. पॉवर आणि रॅमच्या मागे लागायची सध्या गरज नाही. पिंगला उत्तर येतं पण एसएसएचमध्ये काही चालत नाही: कर्नल जिवंत आहे, प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघत अडकले आहेत. बहुतेकदा ते काहीतरी म्हणजे एसडी कार्ड किंवा ईएमएमसी (बोर्डावरची साठवणीची चिप). पिंगही नाही, एलईडीही थांबला: कोअर तरी अडकले आहेत किंवा चिपच्या आतली बस.

गाण्याचा उपयोग इथे होतो. आवाजाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत टर्र करत राहिला तर कोअर थांबलेत, पण डीएमए (कोअरच्या मदतीशिवाय डेटा हलवणारा भाग) अजून रॅममधून तोच बफर वाचतो आहे. म्हणजे रॅम, ऑडिओचं घड्याळ आणि मुख्य पॉवर शाबूत आहेत. एकदम शांतता झाली तर संशयाचं वर्तुळ मोठं होतं. एका कानाने मिळणारी ही माहिती कित्येक तासांचं काम वाचवते.

सिरियल कन्सोल

सिरियल कन्सोल म्हणजे कर्नलचे संदेश दोन-तीन तारांवरून दुसऱ्या संगणकावर दाखवणारी सोय; तिच्याशिवाय या कामाला सुरुवातच करू नका. बोर्डावर यूएआरटीचे (सिरियल पोर्टचे) पॅड नसतील तर टेस्ट पॉइंटवर बारीक वायर सोल्डर करा. पाइनफोनमध्ये ही सोय हेडफोनच्या जॅकमधूनच आहे. मागचं झाकण काढून सहावा छोटा स्विच बंद केला की त्याच जॅकवर ११५२०० बॉडने सिरियल मिळतं.

व्होल्टेज तपासल्याशिवाय ॲडाप्टर जोडू नका. पाइनफोनचं सिरियल ३.३ व्होल्टचं आहे, पण ओमॅप ५ सारख्या चिपच्या पिना १.८ व्होल्टच्या असतात. तिथे ३.३ व्होल्ट दिले तर पिन जळू शकते. दुसरी काळजी अशी की बॅटरी काढली तरी ॲडाप्टरच्या पाठवणाऱ्या तारेतून पिनेच्या संरक्षक डायोडमार्गे चिपला थोडी वीज मिळत राहते. चिप अर्धवट जागी राहते आणि पुढचा बूट विचित्र वागतो. खरोखर थंड सुरुवात हवी असेल तर सिरियलची तारही काढा.

कर्नलच्या बूट ओळीत सिरियल कन्सोल चालू करा, सगळ्या पातळीचे संदेश छापायला सांगा आणि दुसऱ्या संगणकावर प्रत्येक ओळ वेळेच्या शिक्क्यासह फाइलमध्ये उतरवा. यंत्रावरच्या जर्नलवर (सिस्टिमच्या नोंदवहीवर) विसंबू नका. सिस्टिमडीचं जर्नल साधारणपणे दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्कं होतं. त्यामुळे हँग होण्याआधीची शेवटची काही मिनिटं, म्हणजे नेमकी हवी ती, त्यात नसण्याचीच शक्यता जास्त.

सिरियलचा दुसरा फायदा सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय. कन्सोलवरून ब्रेक (सिरियलवरचा खास संकेत) पाठवून पाच सेकंदांच्या आत एक अक्षर टाइप केलं की कर्नल थेट उत्तर देतो. डब्ल्यू दाबलं तर अडकून पडलेल्या प्रोग्रॅमची यादी, एल दाबलं तर प्रत्येक चालू कोअर कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते, एम दाबलं तर मेमरीची स्थिती. अनेक वितरणांत ही सोय अर्धवट बंद असते, म्हणून सिसआरक्यूचं मूल्य आधीच १ करून ठेवा. डब्ल्यूच्या यादीत सगळे प्रोग्रॅम एमएमसीच्या फंक्शनमध्ये थांबलेले दिसले की दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

रॅममध्ये ठेवलेला पुरावा

सिरियल जोडून यंत्र खिशात घेऊन फिरता येत नाही, आणि काही हँग नेमके खिशातच होतात. त्यासाठी रॅमऊप्स वापरा. डिव्हाइस ट्रीमध्ये रॅमचा छोटा तुकडा राखून ठेवला की पॅनिकचे (कर्नल कोसळतानाचे) आणि कन्सोलचे शेवटचे संदेश तिथे जातात. रीसेटनंतरच्या बूटमध्ये ते पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये दिसतात. अट एकच: मधल्या काळात रॅमची वीज जाता कामा नये. म्हणून बॅटरी न काढता रीसेट करायचं, बटणाने किंवा हार्डवेअर वॉचडॉगने (यंत्र गप्प झालं की आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने).

ही सोय चालते की नाही ते आधीच तपासा. सिसआरक्यूमध्ये सी पाठवून मुद्दाम पॅनिक घडवा आणि पुढच्या बूटला नोंद मिळते का बघा. काही बोर्डांवर बूटलोडर तोच तुकडा स्वतःसाठी वापरतो, काहींवर रीसेटमध्ये पीएमआयसी रॅमचीच वीज तोडतो. हे आज कळलेलं बरं.

याच्या जोडीला कर्नलचे पहारेकरी चालू करा. एखादा कोअर वीसेक सेकंद एकाच कामात अडकला तर सॉफ्ट लॉकअप डिटेक्टर ओरडतो, आरसीयू स्टॉलची (कर्नलचं अंतर्गत काम रखडल्याच्या इशाऱ्याची) मुदत सहसा २१ सेकंदांची असते, आणि एखादा प्रोग्रॅम १२० सेकंद हलला नाही तर हंग टास्कचा इशारा येतो. हे इशारे पॅनिकमध्ये बदलायला सांगितलं की नोंद रॅमऊप्समध्ये पोचते. इंटरप्ट बंद ठेवून अडकलेला कोअर ओळखणं अनेक एआरएम चिपवर कठीण होतं. २०२३ च्या ६.५ आवृत्तीत 'बडी' डिटेक्टर आला आणि आता एक कोअर दुसऱ्यावर लक्ष ठेवू शकतो. शक्य असेल तर त्या किंवा त्यानंतरच्या कर्नलवर काम करा.

हार्डवेअर वॉचडॉगबद्दल मात्र एक सूचना. आपोआप रीबूट होणारं यंत्र लोकांना दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. तपास चालू असताना टेबलावरच्या बोर्डात वॉचडॉग बंद ठेवा, म्हणजे हँग झालेली अवस्था तपासायला मिळेल. बाहेर फिरणाऱ्या बोर्डात तो चालू ठेवा, म्हणजे रॅमऊप्सची नोंद हाती येईल.

दोष लवकर लवकर घडवून आणा

दोन दिवसांनी एकदा होणारा हँग अभ्यासता येत नाही. तासात दोनदा होणारा येतो. म्हणून तो वारंवार घडवण्याची युक्ती शोधणं हा तपासाचाच भाग आहे.

एक छोटी स्क्रिप्ट लिहा. ती दर सेकंदाला सिरियलवर एक ओळ छापेल: अपटाइम, कोअरची फ्रीक्वेन्सी, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज आणि करंट. अपघातानंतर विमानातली काळी पेटी उघडतात तशी ही शेवटची ओळ वाचायची. सोबत एक वही किंवा स्प्रेडशीट: बोर्ड क्रमांक, कर्नलची आवृत्ती, किती वेळाने हँग झालं, चार्जिंग चालू होतं की नाही, खोलीचं तापमान, एलईडी आणि पिंगची अवस्था. पंधरा-वीस नोंदी झाल्या की 'कधीही होतं' असं वाटणाऱ्या दोषात आकार दिसू लागतो. सगळे हँग बॅटरी निम्म्याखाली असतानाचे निघतात, किंवा सगळे चार्जर काढल्यानंतरच्या मिनिटातले.

मग एकेक भार वेगळा द्या. फक्त प्रोसेसरवर स्ट्रेस-एनजी, फक्त रॅमवर स्ट्रेसॲपटेस्ट, फक्त नेटवर्कवर आयपर्फ, फक्त ग्राफिक्स. त्यानंतर जोड्या. आणि उलटही करून बघा: काहीच भार न देता रात्रभर ठेवा. भार असताना हँग होणं आणि निवांत असताना हँग होणं हे दोन निराळे आजार आहेत. पहिला वीज, उष्णता किंवा रॅमकडे बोट दाखवतो, दुसरा झोपण्या-उठण्याच्या व्यवस्थेकडे.

तापमानही तुमच्या हातात आहे. एसी लावलेल्या खोलीत चोवीस अंशांवर नीट चालणारा बोर्ड नागपूरच्या मे महिन्यात चाळिशीपार खोलीत वेगळा वागतो. हेअर ड्रायर आणि थर्मोकपल घेऊन हळूहळू तापवा. थंड करताना, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, बोर्ड हवाबंद पिशवीत ठेवा. नाहीतर त्यावर साठलेलं दव नवाच दोष निर्माण करेल.

वीज

हातातल्या यंत्रात संशय पहिला पॉवरवर घ्यावा असं माझं मत आहे. मोठ्या बोर्डाला जाड तांबं आणि भक्कम सप्लाय मिळतो, इथे सगळं एका सेलवर आणि दोन-चार स्प्रिंगच्या संपर्कांवर चालतं.

आकडा घेऊन बघू. जीएसएमवर बोलणारं मोडेम दर ४.६ मिलिसेकंदांनी, अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ, दोन अँपियरपर्यंत करंट खेचू शकतं. बॅटरीचा अंतर्गत रोध, कनेक्टर आणि ट्रॅक मिळून ०.१ ओहम झाले तरी त्या क्षणी ०.२ व्होल्ट पडतात. बॅटरी ३.५ व्होल्टवर असेल तर पीएमआयसीच्या दाराशी ३.३ च उरतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर हे कधीच दिसणार नाही. ऑसिलोस्कोपच हवा.

मोजण्याची पद्धत नीट हवी, नाहीतर प्रोबनेच उचललेला गोंगाट दोष समजून बसाल. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाजवळ छोटी स्प्रिंग लावा. चिपच्या सर्वांत जवळच्या कपॅसिटरवर टेका. कोअरच्या रेलवर (वीज पुरवणाऱ्या वाटेवर) एसी कपलिंग लावून घसरत्या कडेवर ट्रिगर ठेवा आणि भार देत राहा. एक-सव्वा व्होल्टच्या रेलवर चिपच्या माहितीपत्रकात साधारण पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे पन्नास-साठ मिलिव्होल्टची घसरणही पुरेशी आहे. बॅटरीकडची मोठी घसरण बहुधा रीसेट घडवते. कोअर किंवा रॅमच्या रेलवरची छोटी घसरण मात्र गुपचूप हँग करते, म्हणून तीच जास्त त्रासदायक.

बॅटरीच्या जागी प्रयोगशाळेतला सप्लाय जोडून ३.९ व्होल्टवर चालवा. बॅटरी जोडलेली असताना तिच्या समांतर सप्लाय कधीही जोडू नका, लिथियम सेलशी खेळ धोक्याचा आहे. तारा जाड आणि आखूड ठेवा, करंटची मर्यादा तीन अँपियरच्या आसपास ठेवा. मर्यादा कमी ठेवली तर तीच हँगचं कारण होईल. सप्लायवर हँग गायब झाला तर बॅटरीची वाट तपासा. गायब झाला नाही तरी हँगच्या क्षणानंतर करंट किती राहिला ते लिहून ठेवा. करंट वर चढून स्थिर राहिला तर एखादा कोअर रिकाम्या लूपमध्ये फिरतो आहे. खाली येऊन स्थिर झाला तर कोअर झोपलेत आणि त्यांना उठवणारं कोणी नाही, किंवा बसवर उत्तराची वाट बघत आहेत.

फ्रीक्वेन्सी, व्होल्टेज आणि झोप

चिप भार बघून फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलते. दोष उच्च वेगाचा आहे, नीच वेगाचा आहे की बदलण्याच्या क्षणाचा, हे तीन प्रयोगांत कळतं. आधी सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीवर कायम ठेवा, मग सर्वांत खालच्या, मग स्क्रिप्टने या दोघांत सेकंदाला अनेकदा उड्या मारायला लावा. पहिल्या दोन्हींत ठीक आणि तिसऱ्यात हँग झाला तर रेग्युलेटर बघा. समजा व्होल्टेज २०० मिलिव्होल्ट वाढायचं आहे आणि पीएमआयसी मायक्रोसेकंदाला अडीच मिलिव्होल्टने चढतो. म्हणजे ८० मायक्रोसेकंद थांबायला हवं. डिव्हाइस ट्रीमध्ये हा वेग नोंदवलेला नसेल तर कर्नल न थांबता फ्रीक्वेन्सी वाढवतो आणि कोअर अपुऱ्या व्होल्टेजवर धावू लागतो.

फक्त वरच्या फ्रीक्वेन्सीवर हँग होत असेल तर प्रत्येक टप्प्याचं व्होल्टेज पीएमआयसीच्या एका पायरीने वाढवून बघा, अर्थात माहितीपत्रकातल्या कमाल मर्यादेच्या आतच. दोष गेला तर व्होल्टेजचं माप तोकडं आहे. वेग कमी केल्याने दोष गेला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. वेग कमी केला की उष्णता आणि करंटही कमी होतात, त्यामुळे तीन शक्यता एकाच वेळी हलतात.

निवांत असताना हँग होत असेल तर सिसएफएसमधून (कर्नलची सेटिंगं असलेल्या फोल्डरमधून) कोअरच्या आयडल अवस्था एकेक बंद करा. सर्वांत खोल झोप बंद केल्यावर दोष गेला तर तपास एका छोट्या जागेत आला. झाकण बंद करून उघडल्यावर यंत्र उठत नसेल तर सस्पेंडची चाचणी पातळीपातळीने करायची सोय कर्नलमध्ये आहे: आधी फक्त प्रोग्रॅम थिजवून परत, मग डिव्हाइसेस, मग प्लॅटफॉर्म, मग प्रोसेसर. कुठल्या पातळीवर अडकतं ते कळलं की ड्रायव्हर शोधणं सोपं. आरटीसीच्या (यंत्र झोपलं तरी वेळ राखणाऱ्या घड्याळाच्या) गजराने दर मिनिटाला झोपवून उठवणारा लूप रात्रभर लावा आणि झोपताना कन्सोल बंद पडू नये असं बूट ओळीत सांगा.

रॅम

रॅमचा दोष हजार रूपं घेतो. आज कर्नल पॅनिक, उद्या ब्राउझर कोसळला, परवा फाइल सिस्टिम बिघडली, तेरवा नुसता हँग. प्रत्येक वेळी वेगळीच नोंद मिळत असेल तर संशय रॅमवर घ्या.

एकटा मेमटेस्टर चालवून रॅम निर्दोष ठरवू नका. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि डिस्प्ले एकाच वेळी रॅम वापरतात तेव्हाच काही दोष उघडे पडतात. ऑलविनरच्या जुन्या चिपसाठी लिमा-मेमटेस्टर नावाचं साधन यासाठीच लिहिलं गेलं: ग्राफिक्स प्रोसेसर पडद्यावर घन फिरवत असतो आणि त्याच वेळी रॅमची परीक्षा चालते. तुमच्या चिपवर हीच जोडी स्वतः जमवा.

नंतर बूटलोडरमधून रॅमचा वेग उतरवा. पाइनफोनसाठी यू-बूट या बूटलोडरच्या ४९२ पासून ६२४ मेगाहर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या रॅम-वेगाच्या प्रती बनवल्या गेल्या, कारण सगळे फोन सर्वांत वरच्या वेगावर स्थिर राहत नव्हते. ५५२ हा बऱ्याच जणांनी स्वीकारलेला मध्यम मार्ग. दहा टक्के वेग कमी करून हँग थांबला तर तुमचा रोख नक्की झाला, पण तपास संपला नाही. रॅमच्या रेलचं व्होल्टेज, बूटलोडरमधली टायमिंगची मूल्यं आणि झेडक्यू पिनेचा २४० ओहमचा एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर तपासा. जुळणीच्या वेळी तिथे दुसरंच मूल्य बसलं असेल तर रॅमचं कॅलिब्रेशनच चुकतं.

चुकलेल्या बिट्सकडेही बघा. दर वेळी तोच बिट चुकत असेल तर एखादी डेटा लाइन किंवा तिचा सोल्डर. बिट आणि पत्ते विखुरलेले असतील तर टायमिंग किंवा वीज. हातातलं यंत्र पिळलं जातं, दाबलं जातं. चाचणी चालू असताना चिपवर हलकेच दाब देऊन किंवा केस किंचित वाकवून चुका वाढतात का बघा. वाढल्या तर बीजीएचे (चिपखालच्या सोल्डरचे) गोळे एक्स-रेमध्ये तपासून घ्या.

नोंद न ठेवता होणारा हँग

सिरियलवर काही नाही, रॅमऊप्स रिकामं, सिसआरक्यूला उत्तर नाही, वीज आणि रॅम ठीक. अशा वेळी सर्वांत मोठा संशयित म्हणजे घड्याळ (क्लॉक) बंद असलेल्या पेरिफेरलला, म्हणजे चिपमधल्या एखाद्या जोडभागाला, हात लावणारा ड्रायव्हर. वीज वाचवण्यासाठी चिप न लागणाऱ्या भागांचे क्लॉक तोडते. ड्रायव्हरने तो चालू करायच्या आधीच त्याचा रजिस्टर वाचला, तर वाचनाचं उत्तर कधीच येत नाही आणि कोअर बसवर जागच्या जागी खिळतो. ओमॅपवर इंटरकनेक्टचा (चिपच्या आतल्या बसचा) ड्रायव्हर बऱ्याचदा चूक झाल्याचा संदेश तरी छापतो. कित्येक चिपवर मात्र पूर्ण शांतता असते.

याला दोन उपाय. पहिला स्वस्त आहे: सिसएफएसमधून प्रत्येक डिव्हाइसचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट 'ऑन'वर खिळवा, म्हणजे कोणाचंच घड्याळ तुटणार नाही. हँग थांबला तर निम्मी डिव्हाइसेस पुन्हा मोकळी करा, मग उरलेल्यातली निम्मी, असं करत दोषी ड्रायव्हरपर्यंत पोचा. दुसरा उपाय जेटॅग, म्हणजे चिपच्या आत डोकावायचं पोर्ट. हँग झाल्यावर ओपनओसीडी या प्रोग्रॅमने कोअर थांबवून बघा. कोअर थांबला आणि प्रोग्रॅम काउंटर मिळाला तर सॉफ्टवेअर लूप आहे. कोअर थांबायलाच तयार नसेल तर तो बसच्या उत्तरात अडकला आहे, हीही मोठी माहिती. पुढच्या बोर्डात जेटॅगचे पॅड नक्की ठेवा, जागा कितीही कमी असली तरी.

आयटूसी बसही अशीच गळा धरते. पीएमआयसी, टच आणि सेन्सर एकाच बसवर टाकले आणि एका सेन्सरने डेटा लाइन खाली धरून ठेवली, तर व्होल्टेज बदलण्याची विनंतीही पुढे जात नाही. स्कोपवर डेटा लाइन कायम शून्यावर दिसली तर क्लॉकचे नऊ ठोके देऊन बस सोडवता येते. ड्रायव्हरमध्ये ही सोय चालू करा आणि पुढच्या आवृत्तीत पीएमआयसीला स्वतंत्र बस द्या.

कार्डाच्या बाबतीत उलगडा सोपा असतो. एमएमसी टाइमआउटचे संदेश येत असतील तर डिव्हाइस ट्रीमध्ये कमाल वेग उतरवून बघा, आणि खात्रीसाठी सगळी यंत्रणा इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या वेळी रॅममध्ये उतरणाऱ्या फाइल सिस्टिममधून) रॅममध्येच चालवा.

चिपचे जन्मजात दोष

कधी दोष तुमचा नसतोच. ए६४ च्या आर्किटेक्चर टायमरमध्ये असा दोष आहे की काही क्षणी वाचलेली वेळ चुकीची येते आणि यंत्राची तारीख एकदम ९५ वर्षं पुढे उडी मारते. २४ मेगाहर्ट्झचा ५६ बिटी गणक तेवढ्याच काळात एक फेरी पूर्ण करतो, तिथून हा आकडा येतो. वेळ अशी उडाली की पुढचे टायमर वाजतच नाहीत आणि यंत्र हँग झाल्यासारखं दिसतं. यावरचा उपाय कर्नलच्या ५.१ आवृत्तीत आला, पण तो पर्याय कॉन्फिगमध्ये चालू हवा. लॉगमध्ये अशी खूप पुढची भलतीच तारीख दिसली तर इथे बघा.

ओमॅप ३ मधल्या कॉर्टेक्स-ए८ ला ४३०९७३ क्रमांकाचा दोष आहे, कॉर्टेक्स-ए१५ ला ७९८१८१. यांचे उपाय काही कर्नलमध्ये, काही बूटलोडरमध्ये लावावे लागतात. तुमच्या कोअरची नेमकी आवृत्ती बूटच्या लॉगमधून काढा, चिपच्या एराटा पत्रकाशी (ज्ञात दोषांच्या यादीशी) ताडा आणि कॉन्फिगमधला प्रत्येक लागू पर्याय चालू आहे याची खात्री करा. एका दुपारचं काम आहे, ते पहिल्याच आठवड्यात उरका.

बोर्ड एक की सगळे?

हातात पाच बोर्ड असतील तर एकाच बोर्डावर अडून राहू नका. पाचही हँग होत असतील तर डिझाइन किंवा सॉफ्टवेअर, एकच होत असेल तर जुळणी. त्या एकाची बॅटरी, पडदा, कार्ड दुसऱ्याशी अदलाबदल करा, एका वेळी एकच भाग, आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहा. पायरामध्ये प्रोसेसर आणि रॅम वेगळ्या छोट्या बोर्डावर आहेत. अशी रचना असेल तर निदान फार लवकर होतं, कारण दोष प्रोसेसर बोर्डाबरोबर गेला की मुख्य बोर्ड सुटला.

प्रत्येक बोर्डाचा इतिहास लिहून ठेवा. कुठला कपॅसिटर बदलला, कुठे जंपर टाकला. रिवर्क केलेला आणि न केलेला बोर्ड एकाच यादीत मिसळला की सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात.

दुरुस्त झालं असं कधी म्हणायचं?

इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. सरासरी सहा तासांनी हँग होणारा बोर्ड बदल केल्यावर सहा तास चालला, म्हणून लोक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात काहीच न बदलता सहा तास सुखरूप जाण्याची शक्यता ३७ टक्के असते. अठरा तास, म्हणजे सरासरीच्या तिप्पट चालला तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. तीस तास चालला तर एका टक्क्याच्याही खाली. सगळ्या बोर्डांना तोच दोष असेल तर तासांची बेरीज चालते: तीन बोर्ड प्रत्येकी दहा तास म्हणजे तीस तास.

गिट बायसेक्ट करताना, म्हणजे आवृत्त्या निम्म्या-निम्म्या करत दोष आणणारा बदल शोधताना, याला आणखी महत्त्व आहे. हँग झाला म्हणजे ती आवृत्ती नक्की वाईट, पण हँग झाला नाही म्हणजे चांगली असं नाही. प्रत्येक पायरीला ५ टक्के चूक चालवून घेतली तर दहा पायऱ्यांत वाट चुकण्याची शक्यता ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून 'चांगली' म्हणण्याआधी सरासरीच्या पाचपट वेळ थांबा. दोष लवकर घडवून आणायची मेहनत इथे वसूल होते: सहा तासांची सरासरी वीस मिनिटांवर आणली असेल तर पाचपट म्हणजे पावणेदोन तासांच्या आत.

दोष सापडल्यावर तपासात केलेले तात्पुरते बदल एकेक करून परत घ्या: उतरवलेला रॅमचा वेग, बंद केलेली झोप, 'ऑन'वर खिळवलेली डिव्हाइसेस. प्रत्येक बदलानंतर तोच मोजलेला वेळ पुन्हा चालवा. हँग परत आला तर दुसरा दोष पहिल्याच्या मागे दडला होता, आणि नव्या बोर्डावर दोन दोष एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. परत आला नाही तर डिव्हाइस ट्रीतला किंवा ड्रायव्हरमधला बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवा आणि कमिटच्या संदेशात आधी किती तासांनी हँग होत होता, नंतर किती बोर्ड किती तास चालले, कोणत्या तापमानाला, ते लिहा. हँग होणाऱ्या बोर्डांपैकी एक मात्र दुरुस्त न करता, क्रमांक आणि नोंदींसह बाजूला ठेवा. पुढच्या कर्नलवर असंच काही दिसलं तर पडताळणीची सुरुवात त्या बोर्डावर करता येईल.